हाड जुळले, पण हात?

२०२२ सालचा श्रावण. सकाळची घाईची वेळ. आई न्हाणीघरातून बाहेर येत होती. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि तोल सावरण्यासाठी तिने उजवा हात टेकला. डोक्याला लागले नाही, कंबर वाचली, म्हणून 'थोडक्यात निभावले' असे म्हणत आम्ही तिला उठवले. मनगटाकडे लक्ष गेले तेव्हा मात्र पोटात गोळा आला. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्याला जसा बाक असतो, तसा बाक मनगटाला आला होता.

पुढचे सगळे रीतसर झाले. क्ष-किरण चित्र निघाले, भूल देऊन हाड बसवले गेले, कोपराच्या खालपासून तळहातापर्यंत प्लॅस्टर चढले. त्या वर्षी गणपतीत आईच्या हातचे उकडीचे मोदक झाले नाहीत. घरात असे प्रथमच घडले. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापले. नव्या चित्रात हाड सुरेख जुळलेले दिसत होते. डॉक्टर समाधानाने म्हणाले, "आजी, आता काही काळजी नाही." आम्ही आनंदाने घरी आलो.

घरी आल्यावर कळले, की आईला मूठ वळता येत नाही. पोळीचा तुकडा मोडता येत नाही. हात मागे नेऊन अंबाडा घालता येत नाही. बोटे सुजलेली, कातडी तुकतुकीत आणि खांदा तर जागचा हलेना. खांद्याला तर काहीच लागले नव्हते! हाड जुळले होते. हात मात्र कुठेतरी हरवला होता. तो परत मिळवायला आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत अनेक डॉक्टरांना, फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारून भंडावले. त्यांनी दिलेल्या उत्तरांचे सार एवढेच, की हाताची दुखापत एका क्षणात होते, पण हात जायचा की राहायचा हे पुढच्या काही तासांत आणि पुढच्या काही आठवड्यांत ठरते. हे तास आणि हे आठवडे बरेचसे घरच्यांच्याच ताब्यात असतात. म्हणूनच हा लेख.

चमच्यावरचे लिंबू

खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत एका बाजूला ३२ हाडे असतात. त्यांपैकी २७ एकट्या मनगटात आणि पंजात. खांद्याचा सांधा म्हणजे लिंबू-चमच्याच्या शर्यतीतले लिंबू. गोळा मोठा आणि खोबण उथळ. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी हाच सर्वांत जास्त वेळा निखळतो. लिंबू जागेवर धरून ठेवण्याचे काम खांद्याभोवतीचे चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथली दोरीसारखी चिवट पट्टी म्हणजे कंडरा.

बोटांची रचना तर याहून नवलाची. बोटांत हालचाल करणारे स्नायू जवळजवळ नाहीतच. मूठ आवळणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या जशा वरून ओढल्या जातात, तशी आपली बोटे लांबून ओढली जातात. या दोऱ्या अरुंद नळ्यांतून जातात. नळीत सूज आली आणि दोरी काही आठवडे सरकलीच नाही, तर ती नळीला चिकटते. मग हाड कितीही चांगले जुळो, बोट वाकत नाही. आईचे नेमके हेच झाले होते.

'शीर' म्हणजे नेमके काय?

आपल्या मराठीत वेदनेला शब्द पुष्कळ. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, जडपणा. डॉक्टरांना यातला प्रत्येक शब्द मोलाचा असतो. ठणका बहुधा सूज किंवा पू सांगतो, मुंग्या आणि बधिरपणा मज्जातंतूकडे बोट दाखवतात, विशिष्ट हालचालीला येणारी चमक कंडरेकडे. पण एका शब्दाने आपण सगळा घोटाळा करून ठेवतो, तो शब्द म्हणजे 'शीर'. रक्तवाहिनी म्हणजे शीर, मज्जातंतू म्हणजेही शीर आणि कंडरा म्हणजेही शीर! 'शीर आखडली', 'शिरेवर शीर चढली' असे म्हणून आपण तेलाची वाटी पुढे ओढतो. या तिन्हींचे उपचार मात्र पूर्णपणे निराळे आहेत.

निदान यंत्रापासून सुरू होत नाही. मनगटाच्या ज्या मोडीने आईला गाठले, तिचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून ८१ वर्षे होती! केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून त्यांनी ती मोड ओळखली. पुढे १८९५ च्या डिसेंबरात राँटजेन यांनी पत्नीच्या हाताचे क्ष-किरण चित्र काढले. बोटातल्या अंगठीसह हाडे दाखवणारे ते चित्र जगभर गाजले. तरीही चांगला डॉक्टर आजही आधी विचारतो, 'कसे पडलात? कोणता हात कामाचा? काम कोणते करता?' तबलजीची करंगळी आणि कारकुनाची करंगळी यांचा हिशेब एक नसतो.

खांद्याचेच पाहा. हात वर जात नाही, एवढ्या तक्रारीवरून काही कळत नाही. रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण डॉक्टरांनी उचलला तर वर जातो, तेव्हा कंडरा फाटल्याचा किंवा मज्जातंतू दुखावल्याचा संशय येतो. रुग्णालाही उचलता येत नाही आणि डॉक्टरांनाही, अशा वेळी सांधाच आखडलेला असतो. त्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. तो चाळिशी ते साठीत अधिक, स्त्रियांत अधिक आणि मधुमेह असणाऱ्यांत तर बराच अधिक आढळतो. तो सुटायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात. खांदा अकारण आखडला म्हणून तपासायला गेल्यावर मधुमेहाचा पत्ता लागला, असेही घडते. कधी दुखते खांद्यात आणि मूळ असते मानेच्या मणक्यांत. मार न लागता डावा खांदा किंवा हात दुखू लागला आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाची वेळ घेत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तडक रुग्णालय गाठावे.

बधिरपणाचाही असाच नकाशा असतो. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकल्यावर बरे वाटते आणि बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधले बोट यांत असतो, तेव्हा मज्जातंतू मनगटात दाबला जात असतो. करंगळी बधिर झाली, तर दोष बहुधा कोपराशी. चोळून यातले काहीच सुटत नाही.

'टेनिस एल्बो' हा शब्द घराघरांत पोहोचवला सचिन तेंडुलकरने. २००४ मध्ये त्याच्या कोपराने असहकार पुकारला आणि २००५ च्या मे महिन्यात लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत कोपरातल्या एका कंडरेची चर्चा चहाच्या टपरीवर चालत असे. मात्र या दुखण्याचे बहुसंख्य रुग्ण कधी टेनिस खेळलेले नसतात. पिळे घालून कपडे वाळत टाकणाऱ्या गृहिणी, स्क्रू आवळणारे कारागीर, रंगारी यांना ते गाठते. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. ओझे उचलण्याची पद्धत बदलणे, काही काळ ताण कमी करणे आणि त्या स्नायूंना हळूहळू बळ देणारे व्यायाम करणे, यांनी ते महिन्यांच्या हिशेबात बरे होते. तेवढा धीर मात्र हवा.

पहिले काही तास

हात दुखावल्यावर घरात पहिली हाक तेलाची किंवा मलमाची असते. ती चुकीची. मुका मार असो वा मोड, पहिल्या दिवशी चोळू नये, शेकू नये. हात आहे तसा आधार देऊन झोळीत घ्यावा आणि छातीच्या उंचीवर ठेवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. आणि सर्वांत आधी एक काम करावे: अंगठी आणि बांगड्या काढाव्यात. सूज चढली, की अंगठी बोटाचा गळफास होते. आपल्याकडे सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या काढायला घरचेच कचरतात, नको तो शकुन आठवतो. बांगड्या पुन्हा भरता येतात. बोट काळे पडले तर ते भरता येत नाही.

निखळलेला खांदा सिनेमात नायक भिंतीवर आपटून बसवतो. खरे निखळणे असे बसवायला जाऊ नये. सांध्यासोबत हाड मोडलेले असू शकते, मज्जातंतू ताणलेला असू शकतो. चित्र काढून, वेदना शमवून, जाणकार हातांनीच ते करायचे काम. तरुणपणी एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. साठीनंतर निखळला तर कंडरा फाटली का, ते पाहावे लागते. वय पाहून उपचार ठरतात ते यामुळे.

हाडवैद्यांची आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांची परंपरा आहे. त्यांतल्या काहींच्या बोटांना खरोखरच चांगली जाण असते. भीती आहे ती घट्ट बांधलेल्या कामट्यांची. मुलाचे कोपर झाडावरून पडून मोडते, सूज वाढत असते आणि वरून पट्टी करकचून आवळलेली असते. आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. सुमारे सहा तास हे असेच राहिले, तर स्नायू मरू लागतात आणि पंजा पक्ष्याच्या नखीसारखा आखडून जातो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. रुग्णालयातल्या घट्ट प्लॅस्टरखालीही हे घडू शकते. औषध घेऊनही वाढत जाणारी वेदना, बोटे सरळ केली की असह्य कळ, बधिरपणा, बोटे गार वा फिकट होणे, यांपैकी काही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात परत जावे. 'सकाळी बघू' म्हणणे हाताला महागात पडते.

यंत्रात बोट तुटले तर? कडबा कुट्टीच्या यंत्राने किंवा कारखान्यातल्या प्रेसने असे अपघात होतात. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवू नये. पेशी गोठून मरतात. १९६५ मध्ये जपानी शल्यविशारदांनी तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून पुन्हा जोडला. आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही असे बोट जोडले जाते. फक्त ते नीट आणि वेळेत पोहोचावे लागते.

लहान दुखणी, मोठे नुकसान

काही दुखापती इतक्या साळसूद असतात, की त्या दुखापती वाटतच नाहीत. मोटारसायकलवरून पडलेला तरुण 'मनगट मुरगळले' म्हणून पट्टी बांधतो. आपल्या आजोबांच्या पिढीत तपकीर ओढणारे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या ज्या खळग्यात चिमूट ठेवत, त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर आतले नौकेच्या आकाराचे लहानसे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही मोड कित्येकदा दिसत नाही. म्हणून मनगट आधारपट्टीत ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात किंवा एमआरआय करतात. या हाडाला रक्त एका टोकाकडून मिळते. मोड दुर्लक्षित राहिली, तर दुसरे टोक उपाशी मरते आणि ऐन तिशीत मनगट कायमचे दुखरे होते.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसतो आणि टोक खाली लोंबू लागते. दुखत फारसे नाही, म्हणून मुलगा कुणाला सांगत नाही. वास्तविक वेळेत आले तर एका छोट्या पट्टीवर काम भागते. ती पट्टी सहा ते आठ आठवडे अखंड ठेवावी लागते. अंघोळीला एकदा काढली आणि टोक वाकले, की पुन्हा एकपासून मोजणी सुरू!

लाडाने होणारी एक दुखापतही आहे. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एका हाताला धरून उचलले किंवा गरगर फिरवले, की कोपरातले हाड पट्ट्याखालून सटकते. मूल रडते आणि हात वापरायचा बंद करते. डॉक्टर ते क्षणात बसवतात. पण उचलताना काखेत धरावे, हे घरातल्या हौशी काका-मामांना सांगून ठेवावे.

आणि विळी. भाजी चिरताना बोटाला खोल कापते, आपण हळद दाबतो, रक्त थांबते, जखम भरते. महिन्याने लक्षात येते, की बोटाचे टोक वाकत नाही. आतली दोरी त्याच दिवशी तुटलेली होती. म्हणून बोटाला, तळहाताला खोल जखम झाली, की प्रत्येक पेर वेगवेगळे वाकवून पाहावे आणि बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का ते तपासावे. यांतले काही चुकत असेल, तर जखम कितीही लहान असो, हाताच्या शस्त्रक्रियेच्या जाणकारांकडे जावे.

बोटाच्या मुळाजवळच्या अरुंद नळीतली तुटलेली कंडरा हा एके काळी शल्यविशारदांचा पराभव होता. शिवली तरी ती चिकटायची. अमेरिकेतले हाताच्या शस्त्रक्रियेचे जनक स्टर्लिंग बनेल यांनी त्या जागेला रणांगणावरच्या दोन फळ्यांमधली निर्मनुष्य पट्टी म्हटले. तिथे शिरूच नये, असा सल्ला होता. १९६० च्या दशकात हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कंडरा लगेच शिवली आणि रबराच्या आधाराने बोट लवकर हलते ठेवले, तर ते वाचते. आज शिवलेले बोट तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही दिवसांतच हलवायला लागतात. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली 'जेस' ही बाहेरून बसवण्याची तारांची चौकटही अशा जागी उपयोगी पडते, जिथे मोड धरून ठेवायची असते पण शेजारचे सांधे मोकळे हवे असतात.

माया आडवी आली

आता पुन्हा आमच्या घरी. आईच्या बाबतीत चुकले कुठे? रुग्णालयाच्या गर्दीत कुणीतरी 'बोटं हलवत राहा' असे घाईत म्हटले होते. कशी, किती वेळा, खांद्याचे काय, हे सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. पण मोठी चूक आमचीच. ती चमचा उचलायला गेली, की मी तो हातातून काढून घेई. सून वेणी घालून देई, नात भात भरवी. "तू स्वस्थ बस, आई. हाताला आराम दे." सहा आठवडे आम्ही मायेने तिचा हात बांधून ठेवला. प्लॅस्टरने मनगट धरले होते. बोटे, कोपर आणि खांदा आम्ही धरले.

प्लॅस्टर तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपावे, म्हणजे बोटे मुळापासून वाकतात. डॉक्टरांची मनाई नसेल तर पहिल्या दिवसापासून, जागेपणी तासातासाला, घट्ट मूठ, मोकळा पंजा, अंगठा प्रत्येक बोटाला लावणे आणि हात डोक्यावर नेणे, असे दहा-दहा वेळा करावे. झोळीतून हात दिवसातून अनेकदा बाहेर काढावा. खाणे, बटणे, कंगवा ही कामे जमेल तितकी त्याच हाताने करावीत. फिजिओथेरपीचा खर्च हा मूळ उपचाराचाच भाग धरावा. 'एवढे पैसे गेले, आता व्यायाम घरीच करू' इथेच पुष्कळ हात अडकतात.

फिजिओथेरपीच्या ताईंनी आईला पहिल्याच दिवशी विचारले, "काकू, तुम्हाला या हाताने काय करायचंय?" आई म्हणाली, "मोदकाच्या कळ्या." मग तेच ध्येय ठरले. कोमट पाण्यात हात, कणकेचा मऊ गोळा दाबणे, भिंतीवर बोटांनी चढत जाणे, चिमटीने हरभरे उचलणे. दुखायचे. डोळ्यांत पाणी यायचे. मी मध्ये पडलो, की ताई मला बाहेर बसवत.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सुचवली. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची पहिली घंटा असते. दुसरी घंटा खुब्याची असू शकते. आईची हाडांच्या घनतेची तपासणी झाली, औषध सुरू झाले. न्हाणीघरात धरायला दांडी बसली आणि पायाखाली न सरकणारी चटई आली. दोन्हींचा खर्च प्लॅस्टरपेक्षा कमी.

'हात दाखवून अवलक्षण' अशी आपल्याकडे म्हण आहे. दुखावलेल्या हाताच्या बाबतीत न दाखवणे हेच अवलक्षण ठरते.

२०२३ च्या गणपतीत आई पुन्हा परातीसमोर बसली. उकड मळण्याइतका जोर मनगटात आलेला नव्हता, म्हणून ती मळायला तिने मला बसवले. पहिल्या मोदकाच्या कळ्या वाकड्या झाल्या, दुसरा फाटला. मी सवयीने हात पुढे केला, "राहू दे आई, आम्ही करतो." तिने माझा हात बाजूला सारला. अकरा मोदक तिने केले. बाकीचे दहा आमचे होते आणि ते कोणते हे ताटातून सहज ओळखू येत होते.